टॉवेल टाकलाय

सोमवार, २

साबण पुरवणाऱ्याने यंदा डायरी फुकट दिली. हिच्या पानांनाही साबणाचाच वास येतो, म्हणून लिहायला घेतली. हॉस्पिटलात दिवसभर नाकात जे जातं त्यावर काहीतरी उतारा हवा.

किळस म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. लोकांचे टॉवेल धुण्यात माझी हयात गेली. आमची लॉन्ड्री अप्पांनी सुरू केली, आता मी चालवते. हॉटेलचं गाठोडं सोडलं की माणसाची जात कळते. बूट पुसणारे, केसांचा रंग पुसणारे, नको ते पुसणारे. तोंडावर कितीही साहेबी असली तरी टॉवेल खोटं बोलत नाही. एवढं सगळं पचवलेली मी, आज अप्पांच्या पायाची पट्टी सोडली तेव्हा तोंड फिरवून उभी राहिले. स्वतःच्या बापाच्या पायाचा वास. लिहायलाही लाज वाटते, पण आला तो आला.

रक्तातल्या साखरेने आधी बोटं नेली, मग पाऊल. आता काळेपणा पोटरीवर चढतोय. सर्जन म्हणतो, मांडीपासून काढून टाकू, गुरुवारी. या सर्जनला मी कॅप्टन म्हणते. त्याला सरळ बोलताच येत नाही. "मॅडम, मॅच अजून आपल्या हातात आहे!" "शेवटच्या बॉलपर्यंत खेळायचं!" आज पलंगाशी उभा राहून मोठ्याने म्हणाला, "अप्पा तर फायटर आहेत!" मला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी कंबर कसून उभा आहे. अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या डोळ्यांवर उजेड येत असावा.

दूध पाजताना दोन घोटांनंतर म्हणाले, "पुरे." मी कप ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पुरे गं आता." म्हटलं, "अप्पा, कप केव्हाच ठेवला." वयामुळे आता लक्षातही राहत नाही त्यांच्या.

मंगळवार, ३

तोंड पुसायला मी घरून टॉवेल नेते. हॉस्पिटलचे टॉवेल कोण धुतं, कसं धुतं ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून ते मी अप्पांना लावू देत नाही. तर हे आमचे वडील तोच टॉवेल उचलून जमिनीवर टाकतात! आजही टाकला. चुकून पडला म्हणावं तर तसंही नाही. हात वर करून, जमेल तेवढा लांब. त्या जमिनीवर काय काय सांडलेलं असतं! फरशी पुसणारी बाई एकाच फडक्याने संडासही पुसते आणि वॉर्डही, मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोन बोटांत धरून उचलला, वेगळ्या पिशवीत बांधला. घरी उकळला, कडक इस्त्री केली, उद्या परत नेईन. पाळण्यातलं मूल खुळखुळा टाकतं आणि आई उचलून देते, तसा खेळ चाललाय आमचा. फक्त मूल खुळखुळा टाकून हसतं, अप्पा नुसते माझ्याकडे बघत राहतात.

दुपारी भूल देणारी डॉक्टर आली. पोरगीच आहे. मला बाहेर बोलावून म्हणाली, "त्यांचं हृदय फार थकलंय. टेबलावरच काही झालं नाही, तरी पुढे श्वासाच्या मशीनवरून काढता येईल असं सांगता येत नाही. घरी नेऊन दुखणं कमी ठेवता येतं. तोही उपचारच असतो."

म्हटलं, "तुमची मॅच सुरू व्हायच्या आधीच हरायची तयारी दिसते."

असल्या रडूबाईंना डॉक्टर करतात कशाला? मला चीड आली. अप्पा गेले तर त्या लॉन्ड्रीत सकाळी बॉयलर पेटवून मी कुणाला सांगू, की पेटला म्हणून? हे इथे लिहिते, बाहेर कुणाला सांगण्यासारखं नाही.

बुधवार, ४

आजचा दिवस लिहायलाच हवा. माणसाची किती किळस यावी याला सीमा असते असं मी समजत होते.

माझा धाकटा भाऊ, ठोशा. जन्मापासून हातपाय झाडायचा म्हणून अप्पांनीच हे नाव ठेवलं, आणि कार्टं पुढे खरोखरच बॉक्सर झालं. मी त्याची एकही लढत पाहिली नाही. दोन उघडे बाप्ये एकमेकांच्या तोंडाचा लगदा करतात आणि त्यांच्या घामाचे शिंतोडे पुढच्या रांगेवर उडतात, यात बघण्यासारखं काय आहे? त्याचे कपडे धुवायला मात्र मीच. आता दुसऱ्या गावी पोरांना ठोसे शिकवतो, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी असं काहीतरी बोलतो. गेल्या आठवड्यात येऊन गेला, अप्पांशी दार लावून बराच वेळ बोलत बसला, आणि डोळे लाल करून काही न सांगता निघून गेला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आज फोन आला. पुढचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की ताईने तिखटमीठ लावलं.

"ताई, दुकान, घर, सगळं तू बघतेस. मी कधी मध्ये पडलो नाही."

"मग?"

"आता पडतो. टॉवेल टाकायची वेळ आलीय. तू टाकत नसशील तर मी येऊन टाकतो."

मी फोन ठेवून दिला.

बसमध्ये चढायच्या आधी लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्याचीही मला शिसारी येते. कुणाच्या नाकाचा रुमाल, त्यावर आपण बसायचं. पण ती निदान रिकामी जागा असते! इथे माणूस अजून उठलेला नाही, श्वास घेतोय, आणि हा म्हणतो टॉवेल टाकतो. रुमाल पुरला नसता म्हणा. अख्खं दुकान धरायचं, वरच्या दोन खोल्या धरायच्या, तर टॉवेलच लागणार!

आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे अप्पांची बहीण. ती रोज भेटायला येते आणि आजाऱ्यासाठी आणलेली फळं सोलून स्वतः खाते. तोंडातली बी हातावर काढत म्हणाली, "अगं, रुमाल आधी पडतो, माणूस मागून बसतो. जनरीतच आहे ही." फळाचा रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता. तीही किळसवाणी, पण बोलली ते खरं.

कॅप्टनला सही देऊन टाकली. गुरुवार नाही, शनिवारी करणार आहेत, रक्ताची सोय व्हायची आहे.

अप्पांनी आज टॉवेल दोनदा टाकला.

गुरुवार, ५

आला. बॅग घेऊन थेट हॉस्पिटलात.

मी वॉर्डाच्या दारातच अडवलं. खोटं बोलले. म्हटलं, जंतू जातील म्हणून भेटायची बंदी आहे, फक्त एकालाच सोडतात. तो माझ्या खांद्यावरून आत बघायला लागला, तर मी दार ओढून घेतलं.

"ताई, एकदा नुसतं बघू दे."

"बघून काय करणार? मोजमाप घेणार?"

"कसलं मोजमाप?"

वेड पांघरून पेडगावला जाण्यात आधीपासून पटाईत आहे तो. नाक दोनदा मोडलेलं, एक कान चेपलेला, त्या तोंडावर असा भाबडेपणा आणला की एखादीला दयाच येईल. मला नाही आली. मी म्हटलं, "जे टाकायचंय ते टाकायला इथे जागा नाही. चालू लाग."

त्याने बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "सही केलीस का?"

"केली."

भिंतीला पाठ टेकून तो खाली सरकत गेला आणि उकिडवा बसला. एवढा मोठा बाप्या, येणारेजाणारे बघत होते. सही झाली म्हणजे अप्पा जगणार, आणि अप्पा जगले म्हणजे याचा टॉवेल फुकट. दुसरा काय अर्थ काढायचा मी? थोड्या वेळाने उठला आणि म्हणाला, "त्यांना एवढंच सांग, मी कोपऱ्यात आहे."

जिन्याच्या कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी जाऊन उभा राहिला. तिथे खाली लोकांनी चुळा टाकून ठेवलेल्या. संध्याकाळी मी निघाले तेव्हाही तिथेच. मी निरोप दिला नाही. कोपऱ्यात उभं राहण्याचा काय निरोप द्यायचा?

शुक्रवार, ६

सकाळी कॅप्टन म्हणाला, "उद्या फायनल!"

त्याच्या मिशीला न्याहारीतलं काहीतरी लागलेलं होतं. तेवढ्यानेच माझं मन विटलं, का आधीच विटलेलं होतं, कोण जाणे.

दुपारी पट्टी बदलायला दोन नर्स आल्या. अप्पा कधी ओरडत नाहीत. आजही ओरडले नाहीत, पण त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तसा मी माणसाचा ऐकला नव्हता. आमच्या पिळायच्या मशीनचा पट्टा तुटायच्या आधी तसा आवाज येतो. नर्स गेल्या. मी अप्पांचं तोंड पुसलं, टॉवेल उशीशी ठेवला. त्यांनी तो धरला आणि टाकला. हात पुरेसा वर गेला नाही, पलंगाच्या कडेवर अडकला. त्यांनी कोपराने ढकलून ढकलून तो खाली पाडला.

माझा संयम सुटला. म्हटलं, "टाका! तुम्हीही टाका! सगळ्या घराला टॉवेल टाकायचं वेड लागलंय. तुमच्या लाडक्या लेकाने तर तुमच्या दुकानावर टाकलाय, माहीत आहे?"

"काय टाकलं?"

"टॉवेल! मला फोनवर म्हणाला, टॉवेल टाकायची वेळ आलीय, तू टाकत नसशील तर मी येऊन टाकतो. तुम्ही अजून आहात, अप्पा, आणि तो बसमध्ये टाकतात तसा टॉवेल टाकून जागा धरतोय!"

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या छातीत काहीतरी खरखरलं, मी घाबरून बेल दाबायला गेले. ते हसत होते. महिनाभरात पहिल्यांदा. हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी.

"बसमध्ये!" म्हणाले. "अगं वेडे. जागा धरायला नाही. सोडायला."

मला काही कळेना. मग ते बोलले. एक वाक्य, मग दम, मग दुसरं. मला सगळं ऐकायला बराच वेळ लागला.

ठोशाच्या एका लढतीत अप्पा त्याच्या कोपऱ्यात होते. रिंगणाच्या कोपऱ्यात खेळाडूचा आपला माणूस उभा असतो. पाणी पाजायला, रक्त पुसायला. आणखी एका कामासाठी. आपल्या पोराला आता पुरे झालं असं त्याला वाटलं, की त्याने हातातला टॉवेल रिंगणात टाकायचा. तो पडला की पंच लढत थांबवतो. पूर्वी म्हणे स्पंज टाकायचे, ज्याने तोंड पुसतात तोच. ठोशाच्या उस्तादांनी सांगितलं होतं. पुढे स्पंजाचा टॉवेल झाला. मग इंग्रजीत कुणीही हार मानली की त्याने टॉवेल टाकला असं म्हणायला लागले. त्याच बोलण्याचं ठोशाने मराठी केलं, ते हे.

मी म्हटलं, "शी! एकच स्पंज सगळ्यांच्या तोंडाला?" अप्पांनी ते ऐकलंच नाही, पुढे सांगत राहिले.

"ठोशाचा एक डोळा मिटला होता. पडायचा, उठायचा, पुन्हा मार खायचा. लोक ओरडत होते, फायटर आहे, फायटर आहे. तो मला म्हणत होता, अप्पा, टाकू नका. मी टाकला."

"कुठला टॉवेल?"

"निळ्या रेघेचा."

निळ्या रेघेचा! हॉटेलच्या गाठोड्यात एक कमी आला होता. मी घर डोक्यावर घेतलं होतं, ठोशानेच लांबवला म्हणून आजवर त्याला ऐकवत आले. त्याने एकदाही तोंड उघडलं नाही.

"तो माझ्याशी बोलेना किती तरी दिवस," अप्पा म्हणाले. "मग एकदा येऊन म्हणाला, डोळा राहिला, अप्पा."

मी खाली वाकले, टॉवेल उचलायला. सवयच ती. अप्पांनी माझं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता, पण मी थांबले.

"मी रोज टाकतोय," म्हणाले. "तू धुऊन परत आणतेस."

मी तशीच वाकलेली राहिले.

"खेळणाऱ्याने टाकलेला चालत नाही, पोरी. कोपऱ्यातल्याने टाकावा लागतो."

फरशी पुसणारी बाई आली. तेच फडकं, तेच पाणी. तिने विचारलं, "ताई, तुमचा टॉवेल पडलाय, उचलू का?"

मी म्हटलं, "नको. राहू दे तिथेच."

शुक्रवारीच, पुन्हा

कॅप्टनकडे गेले. सही मागे घेते म्हटलं. तो उभा राहिला. "मॅडम, जिंकायची मॅच सोडताय तुम्ही!"

"मॅच कुणाची आहे, डॉक्टर?"

"म्हणजे?"

"लागतंय कुणाला?"

वाईट माणूस नाही तो. बसला, मिशीवरून हात फिरवला, ते लागलेलं अखेर पडलं. म्हणाला, "मी वाचवायलाच शिकलोय हो." मला त्याचा राग आला नाही. मला माझीच किळस आली. इतके दिवस मी त्याच्या बाजूने ओरडत होते, पुढच्या रांगेत बसून, आणि शिंतोडे उडत होते ते माझ्याच बापाचे.

भूल देणाऱ्या पोरीने सगळं समजावून सांगितलं. दुखणं थांबवायचं औषध कसं द्यायचं, कधी वाढवायचं, घरी नर्स कोण येईल. तिला रडूबाई म्हटलं होतं मी. ती रडली नाही, मीच रडले.

जिन्याच्या कोपऱ्यात ठोशा नव्हता. पाण्याच्या टाकीशी चुळा तशाच. त्याला फोन लावला तर उचलेना. तीनदा लावला. ज्याला दारातून हाकललं त्याने का उचलावा?

शनिवार, ७

अप्पांना घरी आणलं. लॉन्ड्रीवरच्या त्यांच्या खोलीत, खिडकीशी. खाली ड्रायर सुरू झाला तसे म्हणाले, "चालू झाला." म्हटलं, "हो, चालू झाला." दिवसभर झोपून होते. चेहरा सैल पडलाय. वास आहेच. पण घरचा साबण, गरम कापडाची वाफ आणि तो वास, सगळं एकत्र झालं की तोंड फिरवावंसं वाटत नाही.

ठोशाला निरोप पाठवला: "कोपरा रिकामा आहे. ये." आणखी काही लिहायचं होतं, जमलं नाही.

रविवार, ८

आला. रात्रभर प्रवास करून, अंगाला घामाचा आंबूस वास. मी काही म्हटलं नाही, हेच नवल.

जिन्यावरच त्याला सगळं सांगितलं. मला काय वाटलं होतं तेही, बसच्या रुमालासकट. तो पायरीवर बसला. म्हणाला, "दुकान? ताई, त्या सोड्याच्या वासाने मला लहानपणापासून मळमळतं. फुकट दिलंस तरी पळून जाईन मी." मग तोंड हातात घेऊन हुंदके द्यायला लागला. नाक गळत होतं. मी माझ्या पदराने पुसलं. मी, पदराने! एरवी त्या पदराला उकळत्या पाण्यात तीनदा घातलं असतं.

"तुला मराठीत सांगता येत नव्हतं का रे, गाढवा?"

"मराठीतच सांगितलं होतं," म्हणाला.

वर गेला. अप्पांनी डोळे उघडले. त्याच्या त्या चेपलेल्या कानाला हात लावला आणि विचारलं, "कुणी टाकला?"

"ताईने."

"नेम बरा आहे तिचा," म्हणाले, आणि झोपले.

मंगळवार, १०

ठोशा पलंगाशेजारच्या खुर्चीतून हलत नाही. पाणी पाजतो, ओठ पुसतो, कूस बदलतो. त्याचे ते जाडेभरडे हात इतके हलके पडतात की नर्सही बघत राहिली. अप्पा आता फारसं बोलत नाहीत. श्वास लांबलाय. नर्स म्हणाली, आता जवळच्यांनी जवळ राहावं.

सकाळी त्याला बळेच अंघोळीला पाठवलं. इकडे आत्या आली. घामाघूम, तोंडात काहीतरी चघळत, हातात पिशवी. "बाई बाई, काय तो जिना," म्हणाली, आणि सरळ खुर्चीकडे निघाली.

"आत्या, तिथे नको बसूस. टॉवेल टाकलाय."

तिने पाहिलं. खुर्चीवर होताच तो, धुतलेला, घडी घातलेला.

"कुणी?"

"मी," म्हटलं. "ठोशाची जागा आहे ती."